कानाची सून

खाणीच्या तळाला पाणी फुटलं ते एकोणसाठ साली. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षं आता एकमेकांत कालवली गेली आहेत, पण ते साल पक्कं आहे. त्या वर्षी सुनेच्या लहानगीचे पुढचे दोन दात पडले होते आणि खाणीतल्या बायका तिला मुद्दाम हसवून ती खिडकी बघायच्या.

सून राहायची खाणीच्या काठावरच्या खोल्यांच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या खोलीत. खोली खाणीच्या मालकीची. घरातल्या एकाचं तरी पक्कं काम असेल तोवर राहायचं, काम सुटलं की चूल विझवून निघायचं. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, आणि धूळ. सकाळी पुसलेली भांडी दुपारी पुन्हा करडी व्हायची. नवरा दगड घडवायचा आणि सून दगडाच्या खपल्या पाटीतून वाहायची, पण ते रोजाचं काम. आज आहे, उद्या नाही. पक्कं काम होतं एकट्या सासऱ्याचं.

सासऱ्याला अख्खी खाण 'कान' म्हणायची. त्यामुळे तीही कुणाची सून, तर कानाची सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला या नावाचं हसू यायचं. मग सवय झाली.

दगड घडवून झाला की कान यायचा. हातात आखूड दांड्याची हातोडी. दगडाभोवती एक चक्कर मारायचा, बाजारात बैल बघायला आल्यासारखी. मग मध्यावर एक ठोका, कोपऱ्यांवर एकेक. चांगला दगड खणकन वाजायचा आणि वाजून झाल्यावरही थोडा वेळ हवेत राहायचा. कान मोठ्यानं म्हणायचा, "बोलतो!" आणि त्यावर चुन्याची रेघ ओढायचा. आत चीर असेल, पाणी मुरून गाभा सडला असेल, तर ठोका बद्द पडायचा, ओल्या लाकडावर पडावा तसा. मग तो हळू आवाजात म्हणायचा, "मुका." त्यावर कोळशाची फुली. फुलीचा दगड फोडून खडीत जायचा आणि घडवणाऱ्याची मेहनत त्याच्याबरोबर. पण त्याच्या फुलीवर कुणी तक्रार केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

खाणीत गप्प्या नावाचा एक दगडफोड्या होता. कधीच गप्प बसायचा नाही म्हणून हे नाव. त्याची बायको एकदा म्हणाली, "आबा, ह्यांच्या डोक्यावर एक ठोका टाकून बघा ना. आत काही आहे का कळेल तरी."

"त्याला वाजवायची गरज काय?" कान म्हणाला. "न वाजवताच बोलतोय."

नवी नवरी होती तेव्हा सासऱ्यानं तिला एकदा खाणीचा उभा कडा दाखवला होता. वरचा थर तांबूस, खालचा काळा.

"एकाच वेळी ओतल्यासारखा दिसतो ना? पण वरचा लवकर थिजला. आत वारा होता, तो बाहेर पडायच्या आधीच. म्हणून त्याच्या अंगात भोकं, आणि भोकांत हे पांढरे दाणे. दाणे मऊ. पाणी त्यांना चाटत बसतं. खालचा सावकाश थिजला, वरच्याचं ओझं अंगावर घेऊन. त्याच्यात रिकामी जागाच नाही. पाणी शिरणार कुठं?"

"आणि शिरलं तर?"

"शिरलं की गेला. उन्हात दगड फुगतो, रात्री आखडतो, तेवढ्यानं केसाएवढी फट पडते. फटीत पाणी. पावसागणिक तेच पाणी पाचरीसारखं आत शिरतं. मागून मुळं येतात. मग कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. शेवटी माती."

"किती वर्षांनी?"

"मोजायला आपण नसतो." मग हसून म्हणाला, "तुझा नवरा वरच्या थरातला आहे हं, पोरी. लवकर तापतो. सांभाळून घे."

खोलीमागचा धुण्याचा दगडही त्यानंच तिला तेव्हा करून दिला होता. खालच्या थराचा, काळाभोर.

सासऱ्याला ऐकू येत नाही हे तिला कळलं ते एका पातेल्याच्या झाकणामुळे. तो उंबऱ्यात बसून छिन्नीला धार लावत होता. मागं फरशीवर मोठं पितळी झाकण पडलं आणि गरगर फिरत, ठणठणत राहिलं. झोपलेली लहानगी दचकून रडायला लागली. म्हाताऱ्याची मान हलली नाही. झाकण घरंगळत त्याच्या पायाला लागलं तेव्हा तो वळून म्हणाला, "हे इथं कुणी ठेवलं?"

त्या दिवसापासून ती बघायला लागली. तो समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच उत्तर द्यायचा. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर थोडं पोचायचं. "बोलतो!" हल्ली फार जोरात ओरडायचा, लोक म्हणायचे, म्हातारा या वयातही काय दणकट आहे. आणि त्याचं निभत होतं, कारण खाण तेव्हा तळाशी चालली होती. तळाचा दगड सगळाच चांगला. डोळ्यांनी रंग बघावा, हातोडी हातात उसळते कशी ते बघावं, रेघ ओढावी. वर्षानुवर्षं फुली पडलीच नव्हती. कान असला काय, नसला काय, कुणाला कळणार?

तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. नवरा चिडला की ओळीला ऐकू जाईल असं बोलायचा, आणि ओळीला कळलं की खोली गेली.

मग पाणी फुटलं. एके सकाळी माणसं उतरली तर तळात गुडघाभर पाणी, दुपारी कमरेएवढं. पंप आणला, त्यानं चार दिवस फडफड केली आणि बंद पडला. काळा दगड पाण्याखाली गेला. मुकादमानं वरच्या थराला सुरुंग लावायला सांगितले.

काम थांबवता येत नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी ओढा होता आणि ओढ्याच्या काठाला खालची आळी. मागच्या पावसाळ्यात ओढ्यानं काठ खाल्ला होता, कुणाचा गोठा गेला, कुणाचं अंगण. सरकारी कचेरीनं तिथं दगडी भिंत बांधायला घेतली होती आणि ती पावसाच्या आत व्हायला हवी होती.

सुनेची धाकटी बहीण त्या आळीत राहायची. तिचं मागचं दार उघडलं की ओढा. तिचा नवरा गाडीवान. खाणीतून भिंतीकडे दगड तोच न्यायचा. धाकटी दुपारी त्याची भाकर घेऊन यायची आणि दोघी बहिणी खपल्यांच्या ढिगाआड सावलीत बसायच्या.

"ताई, भिंत आमच्या दाराशी आली गं," धाकटी म्हणाली. "हे म्हणतात, आबांच्या हाताखालून गेलेला दगड आहे, आता पाऊस कितीही पडो, मी पाय पसरून झोपणार."

"तो एरवी काय पाय दुमडून झोपतो?"

"एरवी भिंतीला टेकून बसतो आणि घोरतो."

दोघी हसल्या. पण धाकटी गेल्यावर सुनेला पाटी उचलवेना. नुकता घडवलेला वरचा दगडही ओला असताना काळाच दिसतो. तांबूस कड छिन्नीनं उडवली की डोळ्यांना काही कळत नाही. तिथं कानच लागतो.

संध्याकाळी ती सासऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. त्याच्या कानाशी तोंड नेलं. 'बहिरा' हा शब्द तिनं उच्चारला नाही.

"आबा, वरचा दगड फसवा असतो ना? मी जवळ उभी राहत जाईन. वाजला की पाटी खाली ठेवेन. नाही वाजला तर डोक्यावरच."

"मला ऐकू येतं," तो म्हणाला.

ती तशीच बसून राहिली. त्यानं चिलीम झाडली, पुन्हा भरली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "पाटी अर्धीच भरत जा. मान मोडेल."

असं सुरू झालं. तेव्हाच्या पाट्या लोखंडी, जड. कान दगडावर वाकला की ती बरोबर त्याच्या समोरून चालली असायची. ठोका पडायचा. दगड खणकला तर ती पाटी उतरवून पदरानं तोंड पुसायची. बद्द वाजला तर तशीच उभी राहायची. कान ठोके मारायचा आणि नजर तिच्या पाटीवर ठेवायचा. चांगला दगड तिच्या मानेला सुटका द्यायचा, वाईट दगड मानेवर बसायचा. आणि वाईट दगड फार होते. पाण्यानं आतून चाटलेले, भोकांत मऊ दाणे भरलेले, वरून देखणे. संध्याकाळी तिला मान वळवता यायची नाही. लहानगीनं हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागायचं.

खाणीत कोळशाच्या फुल्या वाढल्या. माणसं गप्प बसेनात.

"काय आबा," गप्प्या म्हणाला, "कोळसा फुकट मिळतोय काय?"

म्हाताऱ्याची त्याच्याकडे पाठ होती. कान पुढच्या दगडाकडे चालू लागला.

"बघा, उत्तरसुद्धा देत नाही. मोठा माणूस!"

मग नवऱ्याचा दगड आला. कोपऱ्याचा, मोठा. भिंतीचा सगळा जोर ज्याच्यावर यायचा तो. नवऱ्यानं त्यावर दिवसच्या दिवस घातले होते. खोकल्याची उबळ आली की छिन्नी टेकवून थांबायचा, पुन्हा लागायचा. कडा अशा की त्यावर बोट कापावं. कान आला. ठोका पडला.

बद्द.

सुनेच्या डोक्यावर पाटी होती. तिचे हात आपोआप वर गेले, पाटीच्या कडेला लागले. नवरा दगडापाशी उभा राहून बापाच्या तोंडाकडे बघत होता, भुवयांवर धूळ. तिनं हात खाली घेतले.

"मुका," कान म्हणाला.

"पुन्हा वाजवा."

म्हाताऱ्यानं त्याचं तोंड वाचलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा पाटीकडे बघितलं. सुनेची मान थरथरत होती आणि पाटीतल्या खपल्या एकमेकींवर वाजत होत्या.

"मुका."

त्या संध्याकाळी नवरा जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. थोड्या वेळानं म्हणाला, "तू तिथंच होतीस ना? तुला कसा वाटला आवाज?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सख्ख्या पोराचा दगड," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं खोकल्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला बुडालेल्या खाणीच्या काठावर बोलावलं. मुकादम सुकलेला, उंच माणूस. रागावलेला कधी दिसायचा नाही, नेहमी दमलेला. खाली पाणी हिरवं होऊन स्थिर उभं होतं.

"पाटी खाली ठेव, बाई."

तिनं ठेवली.

"बघ. ठेवता येते की." तो पाण्याकडे बघत म्हणाला. "म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, हे मला तीन पावसाळ्यांपासून ठाऊक आहे. त्याच्या पाठीमागं सुरुंग उडाला, सगळी माणसं बसली, हा आपला चुना कालवत होता."

तिनं विचारलं, "मग काढलं का नाही?"

"कशाला काढू? खालचा दगड आंधळ्यानं पारखला असता तरी चाललं असतं. आणि आता वरचा दगड आहे. आता तर बहिराच पाहिजे."

तिला कळायला थोडा वेळ लागला.

"कचेरीची माणसं येतात, विचारतात, दगड पारखला कुणी? कानानं, असं म्हटलं की पुढं विचारत नाहीत. मला त्याची चुन्याची रेघ पाहिजे, बाई. त्याचे कान नकोत. आणि तुझे तर मुळीच नकोत."

"माझी बहीण राहते त्या भिंतीमागं."

"माझा सासरा राहतो," मुकादम म्हणाला. "पावसाच्या आत भिंत झाली नाही तर काम दुसऱ्या खाणीला जाईल. मग ना पंप, ना पगार. अख्खी ओळ उठेल. तुझी खोली सगळ्यांत आधी, हे मी सांगायला नको. तुझ्या नवऱ्याला त्या खोकल्यासकट कुठं काम मिळतं तेही बघ. आणि भिंत काय उद्या पडणार आहे? दगड आहे तो, साखर नाही. दहा-बारा वर्षं कुठं जात नाही. तेवढ्यात कोण कुठं असेल!"

मुकादमानं वाकून पाटी उचलली आणि स्वतः तिच्या डोक्यावर ठेवली. असं त्यानं कुठल्याच बाईसाठी केलं नव्हतं. लांबून बघणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढच्या सकाळी घडवलेले दगड ओळीनं मांडून ठेवले होते. मुकादम टेकून उभा होता. कान आला, ठोका टाकला. दगड बद्द वाजला. सुनेनं पाटी खाली ठेवली.

"बोलतो!"

दुसरा. पाटी खाली. तिसरा खरोखरच चांगला होता, पाटी खाली. त्याच्या पुढचे सगळे फुटक्या मडक्यासारखे. पाटी खाली, पाटी खाली. माणसांचे चेहरे उजळले. गप्प्या म्हणाला, "आज आबांना दगडांची दया आली." सुनेच्या मानेला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं, आणि याचीच तिला सगळ्यांत लाज वाटली.

ओळीच्या मध्यावर म्हातारा थांबला. मागं वळून त्यानं चुन्याच्या रेघांकडे बघितलं, एकेक करून. मग पुढच्या दगडापाशी गेला, गुडघे टेकले आणि हनुवटी दगडावर ठेवली. दात घट्ट आवळले. त्याच स्थितीत, हात लांब करून ठोका मारला. पुन्हा मारला. कानानं नाही, तो हाडानं ऐकत होता.

"काय आबा!" गप्प्या ओरडला. "दगडाचा मुका घेताय काय?"

सगळी खाण हसली. नवराही हसला. मुकादमसुद्धा हसला.

म्हाताऱ्याला फक्त हसणारी तोंडं दिसली. त्यानं एकेका तोंडाकडे बघितलं, मग मुकादमाकडे, मग जमिनीवर ठेवलेल्या पाटीकडे, आणि शेवटी सुनेकडे. हनुवटीला दगडाची पांढरी भुकटी लागली होती. तिला वाटलं, आता तो 'मुका' म्हणेल. म्हटला असता तर तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली असती, असं तिला आजही वाटतं.

तो एक हात टेकवून उठला.

"बोलतो!" तो ओरडला, आणि चुन्याची रेघ ओढली. पुढच्या दगडांना त्यानं हातोडी लावलीच नाही. नुसता ओळीनं रेघा ओढत गेला.

संध्याकाळी ती धुणं धूत होती. तो येऊन जवळ बसला.

"मुकादमाला ठाऊक आहे?"

तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

ओल्या हाताची तीन बोटं तिनं वर केली.

"तीन," तो म्हणाला. बोटानं हनुवटी चोळत राहिला. "म्हणजे मी नुसता चुना लावत होतो."

ती त्याच्या डाव्या कानाशी गेली. "आबा, खोली जाईल म्हणून…"

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच म्हणाला. उठला आणि आत गेला.

पावसाच्या आधी भिंत झाली. पहिल्या सरीत काळी, चकचकीत, बघत राहावी अशी. धाकटीनं मागच्या दारात खाट टाकली. नवऱ्याचा कोपऱ्याचा दगडही फुली पुसून, रेघ ओढून तिथंच बसला होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

भिंत पडली अशी कधीच नाही, आणि दहा-बारा वर्षं टिकलीही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यातले पांढरे दाणे गळले आणि अंगभर भोकं पडली. मग कडा गोल झाल्या. नखानं खरवडलं तर भुकटी यायची. पोरं त्यानं अंगणात रेघोट्या मारायची. फटींत गवत आलं. एकेका पावसाळ्यात एकेक थर सुटून ओढ्यात जायचा, आवाजसुद्धा नाही. आधी धाकटीचं अंगण गेलं, मग मागची खोली, मग चूल. आळी भांडण न करता रिकामी झाली. दोष कुणाचा, यावर लोक म्हणायचे, कानाचा दगड होता तो. म्हणजे दगडाचा दोष नाही, पाणीच तसं होतं.

सासरा आणखी चार वर्षं कामावर होता. हातोडी कमरेला खोचून जायचा, पण ती त्यानं पुन्हा दगडाला लावली नाही. घरात बोलणंही सुटलं. शेवटच्या आजारात सुनेनं पाणी पाजायला मान उचलली की तो डोळे मिटून घ्यायचा. त्याच्यानंतर पक्कं काम नवऱ्याकडे आलं, पण तोही तीन वर्षांनी गेला. छातीत सगळी खाण साठली होती. बापानं आपला दगड आधी नाकारला का आणि मग घेतला का, हे त्याला कळलं नाही. त्याच्यामागं खोली गेलीच, आणि पुढं सिमेंट आल्यावर खाण बंद पडली. मुकादमानं सिमेंटचंच दुकान टाकलं आणि बरं चालवलं. गप्प्या दूरच्या एका गोदामावर राखणदार झाला. तिथं बोलायला माणूस नव्हतं, असं त्याची बायको सांगायची. लहानगी लग्न होऊन लांब गेली, तिला आता नातवंडं आहेत.

धाकटीचं घर गेल्यावर तिचा गाडीवान बैल विकून मजुरीला लागला आणि एका पावसाळ्यात तापानं गेला. तेव्हापासून धाकटी बहिणीकडेच आहे. दोघी आता म्हाताऱ्या. मागच्या अंगणात तोच धुण्याचा दगड आहे. खोली सोडताना गाडीवानानं तो आपल्या गाडीत घालून आणून दिला होता. इतकी वर्षं त्यावर कपडे आपटले, पण त्यावर साधा खळगाही नाही. दुपारी दोघी त्यावर पाय टेकून बसतात.

धाकटीला हल्ली ऐकू येत नाही. जेवलीस का, औषध घेतलंस का, ऊन आलं, आत चल, सगळं थोरलीला ओरडून सांगावं लागतं, शेजारी हसतात. अधूनमधून धाकटी ओढ्याची आठवण काढते आणि म्हणते, "आबांच्या हाताखालून गेलेला दगड, ताई. तोसुद्धा गेला बघ."

थोरली तिच्या कानाशी तोंड नेते. धाकटी मान कलती करून वाट बघते. पण ते ओरडून सांगण्यासारखं नाही, आणि हळू सांगितलेलं तिला पोचत नाही.

"काय म्हणालीस?" धाकटी विचारते.

"काही नाही!" थोरली ओरडते. "ऊन आलं! आत चल!"